येसाजीचा पेट्रोलचा कॅन

ओम, आता स्कूटरला किक मारू नकोस. दमलीय ती, तूही दमलास. इकडे येऊन बस. पूजा, अंगणातला दिवा घालव गो, किडे येतात.

गाडी अशी अडून बसली की मला धम्मपाल आठवतो. पोलादपूरचा मेकॅनिक. महाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या घरात भूत-बीत कुणी मानत नाही. मार्चमध्ये चवदार तळ्यावर जायचं आणि बाकी वर्षभर काम करायचं, असा माणूस. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

रात्र सांगतो. दोन हजार पंचवीस, एकवीस सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या सुनीलकडे पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक. रोज पहाटे वाडीचं दूध खाली आणायचा. ट्रकचं दुखणं विचित्र होतं. कधी पहिल्या चावीला सुरू, कधी नुसता स्टार्टर फिरत राहायचा. धम्मपालनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, बॅटरी बदलली. गॅरेजच्या दारात मात्र ट्रक दर वेळी शहाण्यासारखा सुरू व्हायचा.

सुनील म्हणाला, "धम्मादादा, तुला बघून घाबरतो हा. तूच एक रात्र वाडीवर येऊन राहा."

"जेवायला काय करशील?"

"सर्वपित्री हाय. खीर-वडे."

हसले दोघं. पण हसण्यासारखं फारसं नव्हतं. सुनीलच्या बायकोला, माधुरीला, नववा महिना लागला होता. वाडीत चार चाकांची तेवढीच एक गाडी. आणि दोन वर्षांपूर्वी हाच ट्रक ऐन वेळी अडला होता. सुनीलच्या आईला, जनीला, रात्री दम्याचा झटका आला. तिच्या नवऱ्यानं, येसाजीनं, तिला शेजारच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. ट्रक सुरू झाला नाही. तो फिरवत राहिला. बॅटरी संपेपर्यंत. उजाडलं तेव्हा जनी त्याच सीटवर गेलेली होती. येसाजीनंही ते वर्ष काढलं नाही. आजार काही नव्हता. दमला होता, एवढंच.

तर धम्मपाल ताज्या पेट्रोलचा कॅन घेऊन दुपारी वर गेला. ट्रकच्या मागच्या हौद्यात केळीचं पान वाढून ठेवलेलं. येसाजीच्या नावाचं. सुनील म्हणाला, "सकाळपासून ठेवलंय दादा. कावळा शिवला नाय."

"पोट भरलं असेल त्याचं. आज घरोघरी खीर."



धम्मपालनं बॅटरीची वायर सोडली, टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली ओट्यावर ठेवून चहा प्यायला. चहा संपेपर्यंत बाटलीत दोन थर झाले. वर पिवळं पेट्रोल, खाली गढूळ पाणी.

"पेट्रोल कुठून भरतोस?"

"पंपावरूनच. थोडं घरात असतं कॅनमधी."

कॅन गोठ्यात होता. झाकण कधीच हरवलेलं. तोंडात फडक्याचा बोळा. आता हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डोंगरावर चार महिने ढग घरात शिरतात. ते सगळं पाणी त्या कॅनमध्ये, कॅनमधून टाकीत. रात्रभर ट्रक उभा राहिला की पाणी तळाशी बसायचं आणि सकाळी इंजिनाला तेच आधी मिळायचं. पोलादपूरपर्यंत हिंदकळत आलं की सगळं एक होऊन जायचं. कॅनमधून भरलं तर अडायचं, पंपावरून भरलं तर नाही.

"हा कॅन फेकून दे," धम्मपाल म्हणाला.

"बाबांचा हाय, दादा. आईला दम्याचा त्रास ना. रात्री-अपरात्री पेट्रोलावाचून अडायला नको, म्हणून कायम भरून ठेवायचे."

धम्मपालनं बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. सुनीलला त्यातलं काही सांगितलं नाही.

टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. पहाटे थंड इंजिनावर बघायचं, तोवर कुणी हात लावायला नको, म्हणून बॅटरीची वायर सोडलेलीच ठेवली. केबिनला कुलूप. चावी खिशात. पान अजून हौद्यात तसंच होतं. वर माश्या.

जेवून तो पडवीत आडवा झाला. माणूस दमलेला. लगेच झोपला.

जाग आली ती आवाजानं.

स्टार्टर.

हळू. जड. बॅटरी उतरत आल्यावर फिरतो तसा. मग थांबला. मग पुन्हा.

त्यानं खिसा चाचपला. चावी होती.

बॅटरीची वायर सोडलेली होती... हे त्याला आठवलं, आणि मग उठवेना.

पुन्हा आवाज. घाई नाही त्यात. राग नाही. रोजचं काम असल्यासारखा. थांबायचा... पुन्हा फिरायचा. कुत्रं पायरीवर जागं होतं. भुंकत नव्हतं.

मधेच एक श्वास. घरघरणारा. बाईचा.

धम्मपाल उठला. अंगणात गेला. केबिनमध्ये काळोख.

"येसाजीकाका..."

आवाज थांबला.

"गाडीत दोष होता, काका. गाडीतच. तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं. मी काढलाय तो दोष."



स्टार्टर पुन्हा फिरला नाही.

पहाटे सुनीलनं हाक मारली. माधुरीला कळा सुरू झाल्या होत्या. धम्मपालनं अंधारातच वायर लावली, कुलूप काढलं, तिला शेजारच्या सीटवर बसवलं. चावी फिरवली.

पहिल्या फिरकीला सुरू.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पोलादपूरच्या दवाखान्यात माधुरीला आत नेल्यावर धम्मपाल ट्रक बाजूला लावायला परत आला. दवाखान्याच्या दिव्याचा उजेड काचेतून आत पडला होता. तेव्हा त्याला दिसलं. हौद्यातलं केळीचं पान आत होतं. स्टिअरिंगपुढच्या फळीवर. मधल्या शिरेवर फाडून दोन केलेलं. दोन्ही तुकडे पुसल्यासारखे स्वच्छ, आणि जेवण झाल्यावर दुमडतो तसे नीट दुमडलेले.

एक चालवणाऱ्याच्या पुढ्यात.

एक शेजारच्या सीटपुढे.