फ्रीझरमधलं खोकं

"अहो... ते खोकं तुमचं होतं?"

विचारणाऱ्याचा चेहरा इतका पडला होता, की उत्तर द्यायच्या आधीच तिला त्याची कीव आली. दोरीनं बांधलेलं आपलं खोकं तिनं दाराजवळच्या टेबलावर ठेवलं होतं आणि लोखंडी कपाटं बघत ती आत गेली होती. जेमतेम दहा मिनिटं झाली असतील. आता टेबल रिकामं होतं.

"माझंच. का?"

"मी ते फ्रीझरमध्ये टाकलं."

ती शब्दकोशाच्या कचेरीत काम करायची. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, एका शब्दाला एक कार्ड. तिथल्या मोठ्या सरांचा एक हट्ट होता. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही, तिचा अर्थ लिहायचा नाही. कुठे पाहिली आणि कधी, ते कार्डाच्या मागे नोंदवायचं. या महिन्यात तिच्या वाट्याला लॅटिनमधून आलेलं एक शेपूट आलं होतं – 'एरियम'. ते ज्याला चिकटेल, त्याची जागा तयार! माशांचं अ‍ॅक्वेरियम, ग्रहताऱ्यांचं प्लॅनेटेरियम, ऊन खायच्या काचेच्या खोलीचं सोलॅरियम. मासे पाहून झाले होते, तारे पाहून झाले होते, एका रुग्णालयाच्या गच्चीवर ऊनही खाऊन झालं होतं. सगळीकडे ती एकटीच गेली होती. तारांगणाच्या खिडकीतल्या माणसानं तर "एकच तिकीट?" असं दोनदा विचारलं होतं.

आज हर्बेरियमची पाळी होती, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची. आणि महिनाभराची सगळी कार्डं त्या खोक्यात होती.

"फ्रीझरमध्ये कशाला पण?"

"बाहेरून आलेलं काहीही आधी सात दिवस थंडीत ठेवतो. एक किडा आत शिरला, तर शंभर वर्षांची पानं फस्त करील. आणि त्या टेबलावर असतं ते नवीन आलेलं... मी आपलं सवयीनं उचललं."

"मग काढा की!"

"मधेच काढलं तर अंडी जगतात." तो चाचरत म्हणाला, "सात दिवस म्हणजे... सात दिवस."

"माझे शब्द अंडी घालत नाहीत हो!"

तो हसला आणि लगेच ओशाळला. ती रागावलेलीच राहणार होती, पण तेवढ्यात त्याच्या दाढीत अडकलेला वाळक्या पानाचा तुकडा तिला दिसला आणि तिचंही हसू फुटलं.

"कार्डं पुढच्या सोमवारी पक्की करून द्यायची आहेत मला. तोवर हातात काहीच नाही!" ती म्हणाली.

"मग इथे येऊन आठवून लिहून काढा. कागद माझे, चहा माझा. चूकही माझीच. मला इथे सगळे पाचोळेबुवा म्हणतात... तुम्हीही म्हणा."

अशी ती रोज चार वाजता येऊ लागली. खिडकीपाशी बसून ती अर्थ आठवायची. समोर पाचोळेबुवा जाड कागदावर एकेक वाळलेली फांदी ठेवून कागदाच्या पट्ट्यांनी अलगद चिकटवायचे. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी – कुठे सापडली, कधी सापडली.

"अहो, आमच्यासारखंच की हे!" ती म्हणाली.

"फक्त तुमचे शब्द बोलतात. माझी चाळीस हजार झाडं आहेत इथे, पण दिवसभरात एक हूं की चूं करील तर शपथ."

बोलता बोलता त्याची नजर वर यायची, तिची खाली जायची. मग उलट. चौथ्या दिवशी चहाचा कप त्याच्या हातून घेताना बोटं लागली, आणि दोघंही उगाचच 'अॅक्वेरियम'च्या अर्थाबद्दल फार गंभीरपणे बोलू लागली.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नव्हती. मोठ्या सरांनी विचारलं होतं, की पुढच्या महिन्यापासून घरी बसूनच काम कराल का? येण्याजाण्याचा त्रास नाही, घरी कशी शांतता असते! उत्तर सोमवारी द्यायचं होतं. शांततेची तिच्याकडे काही टंचाई नव्हती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बहीण दूर होती, तिचा फोन रविवारी यायचा. सकाळी निघताना ती रेडिओ मुद्दाम चालू ठेवून जायची, संध्याकाळी कुलूप उघडताना आत कुणाचातरी आवाज असावा म्हणून. आता दिवसभर त्याच खोलीत बसायचं तिला नको होतं. पण 'नको' म्हणायला कारण काय सांगणार? एकटं वाटतं, हे काही कचेरीत सांगण्यासारखं कारण नव्हतं.

"माशांना जागा, ताऱ्यांना जागा, वाळक्या पानांनासुद्धा जागा," सहाव्या दिवशी ती म्हणाली. "एकट्या माणसाच्या जागेला काय म्हणत असतील?"

"आमच्या आईला विचारा. ती म्हणेल, लग्न लांबलेल्या मुलाची खोली!"

ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसत होतो आपण असं, हे तिला हसू ओसरल्यावर कळलं.

सातव्या दिवशी त्यानं खोकं काढून दिलं. गार, जड. "उद्यापर्यंत उघडू नका, कार्डं ओलावतील."

"बरं." ती घुटमळली. "सर म्हणतायत... पुढच्या महिन्यापासून घरूनच काम करा म्हणून."

त्याचा हात दोरीवरच राहिला. "हो का? बरं आहे की... तुमची दगदग वाचेल."

एवढंच! ती खोकं छातीशी धरून रस्ताभर चालत गेली. गारवा कपड्यांतून आत उतरत होता. घरी रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. तिनं तो बंद केला. मग तिला रडू आलं.

सोमवारी तिनं कार्डं टेबलावर मांडली. एकाची मागची बाजू कोरी होती – 'व्हायव्हेरियम', जिवंत प्राणी ठेवण्याची जागा. ती अजून पाहायची राहिली होती. ते कार्ड बाजूला ठेवून ती सरांच्या खोलीकडे निघाली. 'हो' म्हणून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं.

कचेरीच्या दारात पाचोळेबुवा उभे होते. दाढी नीट विंचरलेली, पण कॉलरवर एक पान होतंच.

"एक कबूल करायचं होतं," तो एका दमात म्हणाला. "पहिल्या दिवशी खरंच चूक झाली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं, नुसती कार्डं तर आहेत ती. भिंगातून तपासून तेव्हाच देता आली असती. खोकं काढलंही होतं मी..."

"मग?"

"मग म्हटलं... चार वाजता तुम्ही येणार नाही." त्यानं मान खाली घातली. "परत ठेवून दिलं."

तिनं त्याच्या कॉलरवरचं पान हलकेच उचललं.

"परवा दगदग वाचेल म्हणालो, तेही खोटं. तुम्ही घरी बसू नये असं मला वाटतं. मला तुम्ही आवडता. आणि तुमचं राहिलेलं व्हायव्हेरियम आमच्याच आवारात, प्राणिशास्त्राच्या इमारतीत आहे. फार काही नाही, बेडूक आहेत. बघायला... याल?"

"मुलीला बेडूक दाखवायला नेणारा पहिलाच माणूस पाहिला मी!" ती म्हणाली. "तुमच्याकडे बाहेरून आलेल्याला सात दिवस गारठ्यात घालतात. आमच्याकडे चहा देतात. बसा. मी आलेच."

ती सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, मी कचेरीतच येत जाईन. घरी मला फार एकटं वाटतं." सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग या की. मलाही इथे कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी सर कार्डं तपासत होते. व्हायव्हेरियमच्या मागे ठिकाण होतं, तारीख होती, आणि त्याखाली एक जादा ओळ होती – 'दोघांनी पाहिलं.'

"हे 'दोघांनी' कशाला?" सरांनी विचारलं.

"डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं ना, सर?"

सरांनी खोडायला उचललेलं पेन खाली ठेवलं आणि पुढचं कार्ड घेतलं.