गोमाच्या फटफटीचा आवाज

कुंभिवलीच्या हमरस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात, त्यामुळे लेथवर वाकलेली ऋतिका सहसा मान वर करत नसे. त्या दिवशी केली ती एका विचित्र खडखडाटामुळे. भाद्रपदातल्या भुरभुर पावसात एक जुनाट फटफटी तिच्या वर्कशॉपसमोर येऊन बंद पडली. एक तरुण ती ढकलत आत आला. स्वतः पार भिजलेला, पण रुमालाने आधी पुसली ती गाडीची टाकी... ऋतिकाचं मन तिथेच अडकलं.

तो कोंडाण्याचा मनोज. गाडी त्याच्या वडिलांची, गोमांची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

तिने इंजीन उघडलं. पिस्टन झिजून सिलिंडरमध्ये सैल झाला होता, खडखड त्याचीच होती. सिलिंडर आतून बोअर करून, म्हणजे कातून, नवा पिस्टन घालते, चार दिवसांनी या, असं तिने सांगितलं. मनोजने हळूच विचारलं, आवाज तेवढा तसाच राहील का? त्याच्या आईला, जिजाला, आता नीट दिसत नाही. वळणावर ही खडखड आली की ती गोमांचं ताट वाढायला घ्यायची. अजूनही आवाज ऐकला की तिचा चेहरा उजळतो.

"तेवढंच उरलंय तिच्याकडं," तो म्हणाला. "ते काढून घेऊ नका."

ऋतिकाने हो म्हटलं असतं तर तो हसला असता, आणि खोटं कशाला बोला, तिला ते हसू हवंच होतं. पण एखाद दिवशी धावत्या गाडीत इंजीन जाम झालं असतं, चाक जागीच अडकलं असतं. पुढचं तिला डोळ्यांसमोर आणवेना.

"तो आवाज म्हंजे झीजच हाय," ती म्हणाली. "जुना पिस्टन मी बसवणार नाय. रागावलात तरी चालंल. पण तुमी... घरी पोचायला पायजे."

गाडी तिथेच सोडून तो शिळफाट्याच्या रिक्षात बसून निघून गेला.

चौथ्या दिवशी तो गाडी न्यायला आला, तेव्हा मान वर न करता पैसे मोजून त्याने किल्ली घेतली. पाचशे किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका, मग ऑइल बदलायला या, एवढंच तिने सांगितलं. त्यानंतर रस्त्यावरच्या प्रत्येक इंजिनाकडे तिचे कान लागू लागले. पाऊस ओसरला, नवरात्र बसलं. तो येईना. आपण त्याच्या आईचं शेवटचं सुख हिरावलं, असं वाटून तिला जेवण जाईना.

एका दुपारी ट्रकांच्या गडगडाटात तिला एक संथ, एकसारखा ठोका ऐकू आला. तिने लेथ बंद केला. मनोज रस्त्यावरून आत वळला, तेव्हा ती दारात उभी होती.

"मीच हाय, कसं कळलं?"

"तो आवाज मीच बसवलाय."

पहिल्या दिवशी गाडी अंगणात थांबली तरी आईने आवाज न ओळखून कोण हाय म्हणून विचारलं, असं त्याने ऋतिकाला सांगितलं. दोघं खूप रडली. मग आईने त्याचा चेहरा चाचपला आणि पहिल्यांदाच ताट त्याच्या नावाने वाढलं.

"पण नवा आवाज वळखणारं घरात कुणी नाय," तो खाली बघत म्हणाला. "तुमी... याल?"

ऋतिकाने फळीवरून फडक्यात बांधलेला जुना पिस्टन काढला. घासूनपुसून ठेवलेला.

"हा आधी आईंच्या हातात द्यायचा. मग बोलू." ती गाडीवर त्याच्या मागे बसली. "चाळीसच्या वर न्यायची नाय."

"पाचशे झाले की."

"तरी पण," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हळू चल रं."