राजेगावच्या रस्त्यावर थांबलेला माणूस

संध्याने पिशवीतून थर्मास काढून टेबलावर ठेवला, मग स्टीलचे दोन पेले. पोलिसांनी परत केलेलं भावाचं सामान.

"पोलीस म्हणते, अज्ञात वाहन," ती म्हणाली. "मले नाव पाह्यजे, बाई."

खासगी तपास करणाऱ्या पुष्पलताबाई डोंगऱ्यांनी पेले उजेडात धरून पाहिले. वापरलेले नव्हते. थर्मासही चहानं भरलेलाच सापडला होता.

त्यांचा मदतनीस चैतराम संध्याच्या भावाला, विवेक मेश्रामला, चांगला ओळखत होता. ट्रान्सपोर्ट कंपनीत विवेक मार्केटिंगला होता. राइस मिलवाले, मलाजखंडच्या खाणीचे ठेकेदार, सगळ्यांच्या दारात जाऊन तो बुकिंग आणायचा आणि दिलेली वेळ पाळायचा. पहाटे गोंदियाकडे जाणाऱ्या राजेगावच्या रस्त्यावर तो मेलेला सापडला. मोटारसायकल कडेला स्टँडवर उभी होती, तिला ओरखडाही नव्हता.

आधी बाई आणि चैतराम कंपनीच्या मॅनेजरकडे, घनश्यामकडे गेले. आदल्या दिवशी त्याचं विवेकशी भांडण झालं होतं, हे त्यानं नाकारलं नाही. गोंदियाच्या गिऱ्हाइकाला सकाळी माल हवा होता. ड्रायव्हरची झोप झालेली नाही, असं विवेकचं म्हणणं. गिऱ्हाईक हातचं जाईल, असं घनश्यामचं. शेवटी विवेकनंच मान खाली घालून गिऱ्हाइकाला शब्द दिला होता.

"यानंच केलं असंल," बाहेर आल्यावर चैतराम म्हणाला.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते महागू नावाच्या शेतकऱ्यानं.

"हेल्मेट गाडीच्या आरशाले टांगलं होतं," तो म्हणाला. "मी काढून त्याच्या उशाशी ठेवलं, मंग फोन लावला. सामानाले हात लावला म्हणून पोलीस रागावतीन, म्हणून कोणाले सांगतलं नाही. तुमालेच सांगून राह्यलो."

शेवटी ते संध्याच्या घरी आले. तिचा नवरा राकेश त्याच कंपनीत ड्रायव्हर. बुद्धाच्या तसबिरीखाली विवेकचा फोटो ठेवला होता. राकेश त्याच्याकडे पाठ करून बसला होता. तो सांगत होता की आपण अंधारातच राजेगाव ओलांडलं, वाटेत विवेक दिसला नाही, बातमी गोंदियात कळली.

"हेल्मेट आरशाले टांगून बाजूले उभा होता बिचारा," तो म्हणाला. "त्याचा काय दोष?"

चैतरामला गलबलून आलं. संध्यानं पाणी आणून ठेवलं.

बाईंनी पाण्याला हात लावला नाही.

"राकेश, दोन पेले घेऊन विवेक कोणाची तरी वाट पाहत होता. ज्याची झोप झाली नव्हती, त्याची. चहा पाजून त्याला थोडा वेळ विसावा द्यायचा, असं विवेकच्या मनात होतं. गोंदियाचा ट्रक तुमचाच होता."

राकेशनं फोटोकडे वळून पाहिलं.

"पोलीस आले तेव्हा हेल्मेट विवेकच्या उशाशी होतं. आरशाला टांगलेलं महागूनं पाहिलं आणि त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. मग तुम्ही ते कधी पाहिलंत? महागूच्या आधीच. म्हणजे अंधारात तुम्ही सरळ पुढे गेला नव्हता, तिथे थांबला होतात."

चैतरामला आपण ऐकलेलं वाक्य आत्ता कळलं. त्याला संध्याकडे बघवेना.

राकेशनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "डोळा लागला माह्या. उघडला तवा तो हात हलवत पुढंच होता, ब्रेक लागलाच नाही."

"जित्ता होता?" संध्यानं विचारलं.

"हौ. मांडीवर घेतलं मी. म्हणाला, जिजाजी, दीदीले सांगू नोका. मग गेलाच. मी घाबरलो अन् गाडी काढली."

मग संध्या उठली, तिनं चप्पल पायात घातली.

"तो नोको म्हणाला होता," ती म्हणाली. "मीच विचारत बसली."

ती दार उघडून उभी राहिली. राकेश उठला तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण ठाण्याच्या वाटेनं ती त्याच्यासोबतच चालत गेली.