फिल्टरचा दसरा

"हाच द्या, सगळ्यात मोठा," म्हणत मनस्विनीनं फिल्टरच्या खोक्यावर हात ठेवला, आणि पलीकडून आणखी एक हात नेमका त्याच खोक्यावर आला.

"हा नका नेऊ," त्या हाताचा मालक म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला न्यायचाय, असंच ना?"

"न्हाई हो. मासे कोणते हायत तुमच्याकडं?"

"गोल्डफिश. गोल पोटाचे. दोन."

"मग ह्याच्या धारेनं ते दिवसभर काचेवर आपटत राहतील. त्यांना साधा स्पंजचा फिल्टर बरा. बुडबुडे सोडणारा."

"तो आहे की घरी!" ती फटकन म्हणाली. "...तो असूनच तर मरायला लागलेत."

दुकानदार वीरण्णानं गुपचूप स्टूल पुढं सरकवलं. लातुरातलं त्याचं हे माशांचं दुकान टीचभर, पण चारी भिंतींनी टाक्या, निळा उजेड आणि नुसती बुडबुड. बाहेर परतीचा पाऊस रिपरिपत होता. त्या उजेडात तिचे डोळे भरलेले दिसले आणि त्या माणसानं खोक्यावरचा हात काढून घेतला.

मग तिनं सांगितलं. वडिलांना लकवा झाला, जीभ जड झाली. बाबा, म्हणजे दयानंदराव, जन्मभर शाळेत शिकवत आलेले, पण घरच्यांसमोर अडखळत बोलायची लाज वाटायची. माशांसमोर मात्र वाटत नव्हती. एका सकाळी टाकीपुढं बसून ते स्वच्छ म्हणाले, "लाडू." हे थोरल्या माशाचं नाव. धाकटी जिलबी. तेव्हापासून रोज एकेक शब्द त्या दोघांपुढं घोटला जायचा. आणि आता लाडू तळाशी पडून होता, जिलबी पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होती, आणि बाबा परवापासून गप्प होते.

"फिल्टरला काही केलं होतं का मधी?"

"काही नाही. दसरा काढला ना घराचा, सगळं धुणं-पुसणं, त्यात तोही धुतला. लई घाण झाला होता, तपकिरी. उकळत्या पाण्यात घालून पांढराशुभ्र केला."

त्यानं डोळे मिटून घेतले. आता काय सांगावं? घटस्थापनेआधी आपल्याकडं गोधड्यांपासून डब्यांच्या झाकणापर्यंत काय धुवायचं राहतं? बाईनं घर चकाचक केलं, तिची चूक कशी म्हणायची!

"ती घाण नव्हती," तो हळूच म्हणाला. "मासे जे सोडतात त्याचा अमोनिया होतो, म्हणजे विषच. स्पंजवर जिवाणू वस्तीला असतात, ते विष पचवतात. गाळणं हे फिल्टरचं अर्धंच काम."

"नायट्रोजनचं चक्र..." ती पुटपुटली. दरवर्षी आठवीच्या वर्गात ती ते फळ्यावर काढायची, बाण-बिण दाखवून. "ते माझ्या स्पंजमध्ये फिरत होतं? आणि मी ते उकळलं?"

"नवे यायला महिना लागंल. तेवढा दम तुमच्या माशांत न्हाई. पण माझ्या टाकीत दोन स्पंज हायत, वर्षभराचे. एक देतो."

"आणि तुमचे मासे?"

"एकात भागवतील. कमी खाऊ घालीन." मग घरचा पत्ता विचारून घेत म्हणाला, "मी रुद्रेश. देगलूरचा. हितं बँकेत हाय."

तासाभरात तो तिच्या घरी आला. रेनकोटाच्या आत पोटाशी डबा धरलेला, आणि डब्यात पाण्यात बुडवलेला काळपट, बुळबुळीत स्पंज. इतकी अवकळा आलेली वस्तू कुणी इतक्या जपून आणताना मनस्विनीनं पाहिलं नव्हतं. त्यानं निम्मं पाणी बदललं, क्लोरीन मारायचं औषध टाकलं, स्पंज बसवला. बाबा खुर्चीतून बघत होते.

मग तो रोजच संध्याकाळी यायला लागला. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की नाही. पहिल्या दिवशी गर्द हिरवं. मग पोपटी.

"रोज यायलाच पाहिजे का हो?" तिनं एकदा मुद्दाम विचारलं.

"पाण्याचं काय सांगता येतंय..."

"पाण्याचंच ना?"

तो नळीकडं टक लावून बघत राहिला, पण कान लाल झाले ते झालेच.

आणि एका संध्याकाळी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. लिंबाच्या सरबतासारखं. लाडू तळ सोडून वर आला, शेपटीचा पदर पसरून जिलबीभोवती वळला. मनस्विनी काचेला नाक लावून बघतच राहिली. पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी वाटावी, आणि त्या रिकामपणात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव दोन माशांचा श्वास राखत होते. तिच्या अंगावर काटा आला. शेजारी रुद्रेशही तसाच वाकलेला. वर्षभर मासे पाळणाऱ्या ह्या माणसालाही अजून नवल वाटतं, हे बघून तिला तो फार फार आवडला. आवडलाच, आता लपवायचं काय!

"चला," तो सरळ होत म्हणाला. "आता रोज यायला कारण न्हाई."

तिनं नळी धुऊन त्याच्या हातात दिली. दोघं दारापर्यंत आले. तो चप्पल घालण्यात उगाच वेळ काढत होता.

मागं खुर्ची टाकीपाशी सरकल्याचा आवाज आला. बाबा माशांशी बोलत होते, एकेक अक्षर जोडत.

"रुद्... रेश."

इतक्या दिवसांत ते जोडाक्षर त्यांना जमलं नव्हतं. दोघंही जागच्या जागी थांबले.

"रुद्रेश," बाबांनी लाडूला पुन्हा नीट सांगितलं. मग दम घेतला, आणि अगदी स्वच्छ, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "जावई."

मनस्विनीला कुठं बघावं कळेना. पाऊस थांबला होता, म्हणून लपायला त्याचाही आवाज नव्हता.

"काकांनी..." रुद्रेश चाचरला, "काकांनी माशांना सांगून टाकलं. तुमचं काय म्हणणं हाय?"

"त्यांना किती कष्ट पडलेत तो शब्द काढायला," ती म्हणाली. डोळे वाहत होते आणि ओठ हसत होते. मग त्याच्याच बोलीत म्हणाली, "मी न्हाई म्हणू का आता? मला तर पहिल्या दिवसापासून हाव म्हणायचंय."

त्यानं चप्पल काढली आणि तो पुन्हा घरात आला.