पाणी उतरेपर्यंत

बातमी आली तेव्हा तंबूवाला दुकानात एका तंबूची कड शिवत होता. बचाव कार्यालयातला माणूस दारात आला, टोपी काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. खिंडीतल्या हवामान केंद्रावर बर्फाचा कडा कोसळला होता. तिथे दोघं जण कामाला होते. एक जण कसाबसा खाली पोहोचला. तंबूवाल्याची बायको सापडली नव्हती. वादळ थांबेना म्हणून शोध थांबवला होता, बर्फ वितळल्यावर पुन्हा बघू, असं तो माणूस म्हणाला. तंबूवाल्याने मान हलवली आणि हातातली कड शेवटपर्यंत शिवली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

हिवाळा सरला. बर्फ वितळू लागलं, तरी कार्यालयातून कुणी फिरकलं नाही. मग तो स्वतःच निघाला. तिला घरी आणायचं, एवढंच काम.

बरोबर मेहुणा होता. तो ट्रक चालवायचा आणि घाटातसुद्धा पुढच्या गाडीला वाट द्यायला लावायचा. तिसरी होती वाट दाखवणारी एक म्हातारी. कड्याला चिकटून चढायची म्हणून लोक तिला घोरपड म्हणत आणि तिला ते आवडायचं. निघताना सासूबाई जावयाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एकीला आणायला जाताय. दुसऱ्याला घालवून येऊ नका."

हे वाक्य तंबूवाल्याच्या पाठीवर सगळ्यात जड ओझं होऊन बसलं.

खिंडीच्या अलीकडे नदी होती. पूल वाहून गेला होता. वितळलेल्या बर्फाचं राखाडी पाणी दगड गडगडवत चाललं होतं, आणि तो गडगडाट पायाखालच्या जमिनीतूनही जाणवत होता. घोरपडीने काठाशी पाण्यात एक काठी रोवली. थंडी पडली की वर वितळणं थांबतं आणि पाणी उतरतं. काठी पूर्ण उघडी पडली की जायचं, असं तिने सांगितलं. पण आभाळ भरलेलं होतं, हवा उबदार होती. काठी बुडालेलीच राहिली.

मेहुण्याला एका जागी बसवेना. तो काठावर फेऱ्या मारी, पाण्यात दगड फेकी. तंबूवाला मात्र एका जागी बसून पाण्याकडे बघत राही. बघता बघता त्याला मेहुणा त्या पाण्यात दिसायला लागला, पालथा. त्याने डोळे मिटले तरी दिसला. जेवण समोर तसंच गार होई.

शेवटी घोरपड त्याच्याजवळ येऊन टेकली.

"पाणी तुम्ही बघितलं म्हणून उतरणार नाही," ती म्हणाली. "हातांना काहीतरी द्या. नाहीतर जायची वेळ येईल तेव्हा पाय उचलायचे नाहीत."

बायकोला त्याने एकदा विचारलं होतं, वर दिवसभर करतेस तरी काय. ढग हटायची वाट बघते, ती म्हणाली होती, पण रिकाम्या हातांनी नाही. केंद्राभोवतीचं प्रत्येक गवत तिने तेवढ्या वेळात ओळखून घेतलं होतं. तेव्हा तो हसला होता.

त्याने जादा तंबू उलगडला आणि कात्री घेतली. त्या कापडाच्या त्याने हवेच्या पिशव्या शिवायला घेतल्या, प्रत्येकाच्या छातीला बांधायला एक. कोणी पडलंच तर बुडू नये. पहिली पिशवी झाली तेव्हा मेहुणा खूश झाला. "झालं की! बांधा आणि चला, भाऊजी."

"आधी बघू," तंबूवाला म्हणाला. पिशवी फुगवून, तोंड आवळून त्याने ती काठाशी साचलेल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली. शिवणीतून बुडबुड्यांची माळ वर आली. जेवण होईस्तोवर पिशवी चपटी!

तो बराच वेळ ती शिवण बोटाने चाचपत होता. मग त्याला कळलं. आयुष्यभर तंबू शिवले, हात आपोआप तसाच चालला. तंबूची शिवण बाहेरचा पाऊस अडवते. इथे हवा आतून ढकलत होती आणि शिवणीची घडी उघडत होती. मेहुणा म्हणाला, इतक्या वर्षांच्या उस्तादाला पिशवी शिवता येईना. तंबूवाल्याने ऐकून घेतलं. सगळं उसवलं, घडी उलटी फिरवली, दुहेरी टाके घातले, मेण चमच्यावर वितळवून भोकाभोकांत मुरवलं. आणि मेण बसेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मेहुणा चिडला. "तिथे ताई बर्फात आहे आणि आपण इथे शिवणकाम करतोय."

"ती थांबेल," तंबूवाला म्हणाला. "पाणी मात्र तुझ्यासाठी थांबणार नाही."

मग एका सकाळी आभाळ निवळलेलं होतं. काठावरच्या डबक्यांवर बर्फाची साय धरली होती. काठी उघडी पडली होती!

तिघांनी पिशव्या छातीला बांधल्या. घोरपड दोर घेऊन पहिली गेली. पाणी तिच्या कमरेला लागलं. दोराचं एक टोक अलीकडे बांधलेलं होतं, दुसरं तिने पलीकडच्या खडकाला बांधलं. मग तंबूवाला. थंडीने पाय जळत होते, तळाचे दगड सरकत होते. पोहोचला! आता मेहुणा. मधोमध आला आणि घोरपड ओरडली. वरून झाडाचं खोड येत होतं!

मेहुण्याने वळून पाहिलं. उशीर झाला. खोड दोरावर आदळलं, दोर त्याच्या मागे, सोडलेल्या काठाच्या बाजूने तुटला. मेहुणा दिसेनासा झाला!

खडकाला बांधलेला तुकडा मात्र त्याच्या कमरेला पक्का होता. तंबूवाल्याने दोर पाठीवरून घेऊन टाचा रुतवल्या. पाण्यावर काहीच नाही. मग पिशवी वर आली, आणि तिच्यामागे तोंड! ओढा! घोरपडीने दोर धरला. पुन्हा ओढा! प्रवाहाने त्याला झुलवत काठाशी आणलं. दोघांनी कॉलर धरून त्याला बाहेर खेचलं. तो पाणी ओकला, थरथरला. बऱ्याच वेळाने दात वाजवत म्हणाला, "उस्ताद, शिवण चांगली आहे." तंबूवाल्याचे हात अजून दोरावरून सुटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते खिंडीत पोहोचले. केंद्राच्या जागी पांढरा उतार होता. केंद्रातून वाचून खाली आलेल्या सोबत्याने सांगितलेली जागा ओळखू आली, दोन काळ्या सुळक्यांच्या खाली. पण वर बर्फाची आणखी एक कड लोंबत होती आणि तिच्यात आरपार भेग होती. उन्हात ती करकरत होती.

मेहुण्याने फावडं काढलं. घोरपडीने फक्त नकाराची मान हलवली आणि तंबूवाल्याकडे पाहिलं. ठरवायचं त्याला होतं.

ती तिथेच होती, हाक मारली तर पोहोचेल एवढ्या अंतरावर. मग त्याने मेहुण्याच्या हातातून फावडं घेतलं.

"ही कड पडू दे आधी," तो म्हणाला. "मग येऊ."

मेहुणा खाली बसून रडला. कुणी त्याला उठवलं नाही.

परत फिरण्याआधी सुरक्षित धारेवर त्यांनी दगडांचे दोन उंच ढीग रचले. दोन्ही एका रेषेत धरून खाली पाहिलं, की ती नेमकी जागा दिसते. पुढच्या खेपेला शोधण्यात वेळ जायला नको. घोरपडीने तिथूनच खालची नदी दाखवली आणि परतीला वरच्या अंगाला दिसणाऱ्या उथळ जागी ती ओलांडायची, असं सांगितलं.

ते तिघं घरी पोहोचले. सासूबाईंनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि जावयाला आत घेतलं.

तिला खाली आणायचं अजून राहिलं आहे.