रेघेतला उंचवटा

टेबलावर दोन हात लांबीचा रूळ होता. त्यावरून एक छोटा गाडा सरळ पुढे जायचा, सरळ मागे यायचा. बस, एवढंच. पण एवढ्याशा कामाने दादाच्या नाकी नऊ आणले होते.

खटाटोप बहिणीच्या उजव्या हातासाठी चालला होता. अपघातानंतर तो हात खांद्याला नुसता लोंबत होता. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "हात नुसता ओढून उपयोग नाही. तिने तिळभर जोर केला तरी यंत्राला कळला पाहिजे, आणि तिथल्या तिथे साथ मिळाली पाहिजे. आता नाही झालं, तर पुढे हात परत येईल असं मी सांगणार नाही." दादा कारखान्यात अचूक सरकणारी यंत्रंच जुळवायचा. त्यामुळे हे त्याच्या डाव्या हातचा मळ आहे, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पर्याय दोन होते. एक स्क्रूवाला अ‍ॅक्च्युएटर. मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू गाड्याला ढकलतो. दणकट काम, पण स्वभावाने आडमुठं. समोर काय आलं याची त्याला फिकीर नसते, आणि बारीक जोर त्याच्या स्वतःच्याच घर्षणात हरवतो. दुसरी लिनियर मोटर. ती गाड्याला न शिवता नुसत्या चुंबकांनी पळवते. गाड्याला करंगळी टेकली तरी तिचा करंट वाढतो आणि तो दाखवणारी पडद्यावरची रेघ वर उचलली जाते. बहिणीसाठी हीच हवी, यात दुमत नव्हतं.

पण त्या रेघेत एक उंचवटा होता.

गाडा रिकामा सोडला की रेघ सपाट चालायची आणि अलीकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर फुगायची. तिथे गाड्याला काहीतरी आडवं येत होतं. दादाने रूळ पुसला, तेल दिलं, केबल मोकळी केली, शेवटी मोटरच बदलली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"चुंबकांची पट्टी खराब असेल," कारखान्यातून मदतीला आलेले फिटरकाका म्हणाले.

"पट्टी उलटी करून बसवली, काका. दोष तिच्यात असता तर उंचवटा पलीकडच्या टोकाला गेला असता ना!"

"मग तुझी पत्रिका खराब असेल."

दादाला हसू आलं नाही. त्याने चिडून त्या जागी, गाड्याला लागणार नाही असा, हात धरला आणि गाडा सोडला. रेघ सपाट गेली. हात काढला, उंचवटा परत हजर. पुन्हा हात, पुन्हा सपाट. रस्त्यात उभ्या माणसाने वाट द्यावी आणि मग परत जागेवर यावं, तसं.

मग त्याने गाडा नेमका त्या जागी नेऊन थांबवला. थांबलेल्या गाड्याची रेघ स्थिर असायला हवी. ही सावकाश वर गेली, सावकाश खाली आली. परत वर, परत खाली.

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बंद कर ते," ते म्हणाले. "माझा श्वास त्याच्याबरोबर चाललाय."

"काका, आता तुम्हीही सुरू होऊ नका!" दादा खेकसला. त्याला भीती नव्हती वाटत. संताप येत होता. भुताखेतांसाठी वेळ कोणाकडे होता?

दुपारी आई बहिणीला घेऊन आली. बहीण पलीकडच्या टोकाला खुर्चीत बसली. आईने तिचा हात उचलून गादीच्या आधारावर ठेवला, उशी ठेवावी तसा.

"तुला जमत नसेल तर तसं सांग बाबा," आई म्हणाली. "उगाच तिला आशेला लावू नकोस."

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. त्याने लिनियर मोटर सोडवली आणि त्याच रुळावर, त्याच गाड्याला स्क्रू जोडला.

"आता येऊ दे काय आडवं येतं ते," तो पुटपुटला.

स्क्रूने गाडा ढकलला. रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ. फक्त वीतभर गेल्यावर स्क्रूचा आवाज जड झाला, आणि तो जडपणा मग गेलाच नाही. गाडा तसाच कण्हत, समोरचं काही ढकलत न्यावं तसा, शेवटपर्यंत गेला आणि बहिणीच्या बोटांपाशी थांबला.

"गार लागलं," बहीण म्हणाली.

"कुठे?"

"हाताला."

त्या हाताला वर्षभरात काही जाणवलं नव्हतं. आईने तोंडावर पदर धरला.

दादाने घाईघाईने लिनियर मोटर परत बसवली. रिकामा गाडा सोडला. रेघ सपाट! या टोकापासून त्या टोकापर्यंत उंचवट्याचा मागमूस नाही. त्याने आनंदाने टेबलावर थाप मारली. काका मात्र दाराशी जाऊन उभे राहिले होते.

बहिणीचा हात पट्ट्याने गाड्याला बांधला.

रेघ उचलली गेली.

"ढकलतेय! आई, ती ढकलतेय!"

"दादा," बहीण म्हणाली, "मी काहीच करत नाहीये."

"सुरुवातीला असंच वाटतं गं."

"दादा, ऐक ना. मी नाही."

पण ऐकणार कोण? आईने पट्टा सोडला, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि रडू लागली. उजव्या हाताची बोटं हलली. एकेक करून ती आईच्या मनगटाभोवती मिटली.

"बघ रे, कसं घट्ट धरलंय पोरीने!" आई रडता रडता हसली.

दादाने बहिणीकडे बघितलं. तिचं आईकडे लक्षच नव्हतं. ती खाली वाकून डाव्या हाताने ती बोटं सोडवत होती. एक सुटलं, की दुसरं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा मिटत होतं.