चौथी हाक

नम्रता जोगळे खुर्चीत बसली आणि तिने पिशवीतून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक छापील स्मरणिका आणि एक वकिलाची नोटीस.

"माझ्या वडिलांनी एका जिवंत माणसाला चोर ठरवलं, असं लोक म्हणतायत," ती म्हणाली. "खरं असेल तर खरं सांगा. पण मला कळलं पाहिजे."

दर्शना खेडेकरने आधी स्मरणिका उचलली. मुखपृष्ठावर गंगाराम जोगळे गुरुजींचा फोटो होता. मारुती मंदिराजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. खासगी तपास म्हणजे रत्नागिरीत बहुतेक स्थळांची चौकशी, नाहीतर बागेतून नाहीसे झालेले आंबे. कोपऱ्यात चहा गाळणाऱ्या विठूकाकांनी कान टवकारले. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून दर्शनाच्या मदतीला येत.

"म्हणजे तू गंगाराम गुरुजींची मुलगी?" त्यांनी विचारलं. "मंडणगड गाडीला असायचे. तिकीट देताना मलाच माझं पूर्ण नाव विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, तक्रार करणार की काय हा माणूस!"

नम्रता किंचित हसली. "सगळ्यांनाच विचारायचे."

मग तिने सगळं सांगितलं. गुरुजींच्या सात कादंबऱ्या छापून झालेल्या. शेवटची दोन वर्षं काचबिंदूने दृष्टी अधू होऊन लिहिता येईना, म्हणून आठवी त्यांनी सुजय नावाच्या टायपिंग करणाऱ्याला तोंडी सांगितली. हाताने लिहिलेला एक कागदही नाही. तीन महिन्यांपूर्वी गुरुजी गेले. त्यांच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाने श्रद्धांजली म्हणून आठवीतलं एक प्रकरण स्मरणिकेत छापलं. त्यात विधवांचे अंगठे घेऊन जमिनी लाटणारा एक दलाल आहे. त्याचं नाव राकेश घडवले.

"आणि खरा राकेश घडवले?"

"मंडळाचा सेक्रेटरी. सगळं गाव त्याला ओळखतं. येत्या रविवारी गावच्या वाचनालयाला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. तो म्हणतो, पाटी लागू देणार नाही. त्याच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं."

"तुम्ही त्याला ओळखत होता?"

"नाही. मी तिसरीत असताना आम्ही गाव सोडलं."

"कादंबरी वाचलीत?"

नम्रताने नकारार्थी मान हलवली. "पहिलं पान उघडते. मग मिटते."

दर्शनाने पुढे विचारलं नाही. "नावं कुठून आणायचे ते?"

"लग्नपत्रिकांतून. घरात आलेली एकही पत्रिका फेकू द्यायचे नाहीत. आणि नाव ठरवायच्या आधी पडवीत उभे राहून ते खड्या आवाजात हाक मारून बघायचे. आई चिडायची, शेजारी काय म्हणतील म्हणून. मी शाळेत असतानाची गोष्ट. पुढे मी नोकरीला कोल्हापूरला गेले."

नाचणे गावच्या बाजूला, जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याआड गुरुजींचं घर होतं. पत्रिकांची पेटी नम्रताने पडवीतच आणून ठेवली. विठूकाका मांडी घालून बसले आणि पत्रिका अशा चाळू लागले, जशी कधीकाळी तिकिटं चाळली होती.

"एका पत्रिकेला एकच खूण आहे बघ, दर्शनाताई. पेन्सिलीची. हिच्यात नुसत्या 'काशी'खाली. हिच्यात नुसत्या आडनावाखाली. एक प्रवासी, एक तिकीट! शिस्तीचा माणूस."

अगदी वर चार पाकिटं होती. तीन चिकटवलेलीच.

"ही?" दर्शनाने विचारलं.

"बाबा गेल्यावर त्या आठवड्यात आलेली. आधीच पोस्टात पडलेली असणार. मी उघडली नाहीत. तशीच पेटीत टाकली."

"चौथं उघडलंय."

नम्रताने ते हातात घेतलं. "मी नाही उघडलं."

आतली पत्रिका लग्नाची होती. निमंत्रकांत शेवटचं नाव वधूच्या भावाचं, राकेश घडवले. त्या अख्ख्या नावाखाली निळ्या पेनाची रेघ.

"सापडलं!" काका ओरडले आणि लगेच नम्रताकडे बघून ओशाळले. "म्हणजे... नाव इथूनच घेतलंय तर गुरुजींनी."

दर्शना पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का निरखत होती.

गडग्यापलीकडून शेजारच्या विमलाकाकू या तिघांकडे बघतच होत्या. दर्शनाने नमस्कार करताच त्या तांदूळ पाखडायचं सूप तसंच हातात घेऊन आल्या.

"काय सांगू बाय, देवमाणूस. पण शेवटाला डोस्कं फिरलं हो." मग नम्रताला बघून त्या जरा घुटमळल्या. "रागावू नको हां गो. सांजचे हयां उभे ऱ्हायचे आणि हाका मारायचे. कोण हाये तिकडं? कोण नाय! मी ओ देत होतंय पयल्यांदा, मग सोडलंय."

"कुणाला हाका मारायचे, काकू?"

"काशीला मारायचे. मग रघूला. एक चिमा होती. आणि शेवटचे दोन-तीन महिने..." काकूंनी आवाज उतरवला. "आपलंच नाव. 'गंगाराऽम! ए गंगाराऽम!' मी आमच्या सुनेला बोललंय, झालं, गुरुजी आता आपल्यालाच सोधतायत."

"राकेश म्हणून कधी?"

"राकेश? नाय बा. आमच्या नातवाचं नाव हाये ना ता. मारलानी असती हाक, तर धावलाच असता ना तो!"

काकू गेल्यावर नम्रता पत्रिका परत पेटीत ठेवू लागली. "फोनवर कधी जाणवलं नाही," ती म्हणाली. "मन एवढं भरकटलं असेल तर कुणाचंही नाव तोंडून जाऊ शकतं. नाही का?"

"बघू," दर्शना म्हणाली.

सुजयचं टायपिंगचं दुकान बाजारपेठेत होतं. तिशीचा, पडेल खांद्यांचा माणूस. गुरुजींचा विषय निघताच त्याने कॉम्प्युटर बंद केला.

"सरांनी सांगितलं, ते मी टाईप केलं."

"नावंसुद्धा?"

"नावाबद्दल सर फार काटेकोर. म्हणायचे, नाव मनातून काढू नये, पत्रिकेतून उचलावं. मग माणूस खरा वाटतो."

"राकेश घडवलेला ओळखता?"

"नाही हो, मॅडम. आमचं गाव वेगळंच, अलोऱ्याकडे. असा माणूस खरोखर आहे, हे नोटीस आल्यावर कळलं." त्याने घाम पुसला. पंखा तर चालू होता.

"सर गेल्यानंतर घरी जात होता?"

"रोज. नम्रताताई एकट्याच होत्या. पाणी भरायला, लोकांना चहा द्यायला. स्वरूपही असायचा."

स्वरूप म्हणजे नम्रताचा चुलतभाऊ. तो बसस्टँडमागच्या आपल्या गॅरेजमध्येच सापडला, आणि काही विचारायच्या आत सगळं सांगून मोकळा झाला.

"प्रकरण मीच पाठवलं मंडळाला. सुजयने फाईल दिली, मी वाचली, आणि ते नाव बघून पोट धरून हसलो. मी मुंबईत होतो तेव्हा तीन मतांनी पाडलंय त्याने मला मंडळाच्या निवडणुकीत! म्हटलं, काकांनीच लिहिलंय, आपण कशाला अडवायचं?"

"नम्रताला सांगितलं नाहीत?"

स्वरूपचं हसू मावळलं. "तिला त्रास होईल, असं वाटलं नव्हतं. आता तोंड दाखवायची लाज वाटते."

स्कूटरकडे येताना विठूकाका खूश होते. "हाच. वैर आहे, फाईल हातात होती, वर हसतोय. आपण अहवालाचा कागदच करू तयार."

"काका, तुम्हाला एखाद्या ड्रायव्हरला शिव्या घालायच्या असतील, तर त्याचं नाव ड्युटीच्या तक्त्यात बघायला जाल?"

"कशाला? नाव माहीतच असतं की."

"बस्स," दर्शना म्हणाली आणि तिने स्कूटरला किक मारली. काकांना काही कळलं नाही. पण तिने किक मारली की बसायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत सगळे जमले. स्वरूप खांबाला टेकून, सुजय पायरीवर. विमलाकाकू न बोलावता आल्या.

"काल रात्रभर मी गुरुजींची कादंबरी वाचली," दर्शनाने सुरुवात केली. "मुख्य माणसं चार. काशी, तिचा मुलगा रघू, सून चिमा आणि तो दलाल. काकूंनी चार हाका ऐकल्या. काशी, रघू, चिमा. आणि चौथी?"

"त्यांचं आपलंच नाव," काकू म्हणाल्या.

"राकेश कधीच नाही. गुरुजी हाक मारून बघितल्याशिवाय नाव पक्कं करत नसत. तीन हाका पुस्तकात सापडतात. चौथ्या हाकेला पुस्तकात माणूस नाही, आणि पुस्तकातल्या चौथ्या माणसाला हाक नाही."

विठूकाकांनी बोटं मोजली, थांबले, पुन्हा मोजली. "अगो बाय! म्हणजे दलालाचं नाव गंगाराम?"

"काकू, गुरुजींचं डोकं फिरलं नव्हतं. ते आपलं काम करत होते."

नम्रताचा हात तोंडाशी गेला.

"आता पेटीतल्या पत्रिका. काका काय म्हणाले? एका पत्रिकेला एकच खूण. गुरुजी नाव एका पत्रिकेतून घेत आणि आडनाव दुसरीतून. त्यामुळे अख्खा माणूस कधी पुस्तकात जात नसे. कुणाला लागण्याची भीती नव्हती. निळी रेघ मात्र पूर्ण नावाखाली आहे, आणि ती पत्रिका आली गुरुजी गेल्यावर. तेव्हा नाव बदललं गेलं तेही नंतरच, या घरात येणाऱ्याजाणाऱ्याकडून."

"मी नाही!" स्वरूप म्हणाला.

"तुम्ही नाहीच. राकेश तुम्हाला पाठ आहे. त्याचं नाव काढायला तुम्हाला पाकीट फोडावं लागलं नसतं. पाकीट फोडलं ते राकेशला न ओळखणाऱ्याने. त्याला फक्त एक खरंखुरं नाव हवं होतं. ते पत्रिकेतून उचलावं, हे त्याला गुरुजींनीच शिकवलं होतं. अर्धंच. जोडायचं कसं, ते सांगायचं राहून गेलं."

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. सुजयने मान वर केली नाही.

"चिकटवलेली चार पाकिटं होती, मी वरचं फोडलं," तो हळू बोलला. "ताई, दहाव्याच्या आदल्या दिवशी. मला ते बघवेना. सरांनी दलालाच्या दारावरच्या पाटीसकट सांगितलं होतं, गंगाराम जोगळे. मी तेव्हाच म्हटलं, सर, असं नका करू. तर म्हणाले, ज्याला सगळं गाव शिव्या घालणार, तो घरचाच असू दे. बाहेरचा कशाला?" त्याने पायरीवरची धूळ बोटाने पुसली. "सर होते तोवर मी गप्प बसलो. पण गेल्यावर लोक पुस्तक उघडणार आणि सरांच्या नावाला थुंकणार... मी नाव बदललं. पाटीवर पूर्ण नाव हवं होतं, म्हणून पूर्ण घेतलं. नोटीस आली तेव्हा सांगायला हवं होतं. धीरच झाला नाही."

"मेल्या," विमलाकाकू म्हणाल्या, पण ओरडून नाही.

नम्रता उठली आणि सुजयच्या शेजारी पायरीवर बसली.

"ते नाव किती ठिकाणी आहे?" तिने विचारलं.

"त्रेचाळीस. ताई, आता काय घालू? आपण नवीन शोधू. दोन पत्रिकांतून, नीट."

"बाबांनी सांगितलेलंच घाल."

"ताई!"

"त्यांनी खूप विचार करून ठेवलेलं आहे, सुजय. ते बदलणारे आपण कोण?"

मग तिने स्मरणिकेतला सेक्रेटरीचा नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मधोमध ठेवला. पलीकडून रुक्ष आवाज आला. नम्रताने एकही गोष्ट न लपवता, सावकाश सांगितली. सुजयचं नाव तिने घेतलं नाही. 'आमच्या घरातल्या माणसाकडून चूक झाली' एवढंच म्हणाली.

"बहिणीच्या लग्नाची पहिली पत्रिका मी गुरुजींना पाठवली होती," राकेश घडवले म्हणाला. "म्हणून जास्त लागलं. पहिलीला मला त्यांनीच पाटी धरून शिकवलंय."

"मला माहीत नव्हतं."

"मग पुस्तकात आता त्या दलालाचं नाव काय असणार?"

"गंगाराम जोगळे."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"आणि तो तसाच ठेवणार? एवढा हलकट?"

"हो. एक शब्दही मवाळ करणार नाही."

राकेशने घसा खाकरला. "रविवारी किती वाजता पोचाल, ताई? पाटी लावायला माणसं लागतील. मी शिडी सांगून ठेवतो."

नम्रताने वेळ सांगितली. फोन बंद करून ती आत गेली, आणि टाईप केलेला गठ्ठा घेऊन परत पडवीत आली. चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. दर्शनाने विठूकाकांना खूण केली. दोघं आवाज न करता पायऱ्या उतरले.